ड्रायव्हरबरोबर काय येते आणि ते कुठे बसते

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बसवला की बहुतेकांच्या लेखी काम संपते. पडदा नीट दिसू लागतो, गेम चालतो, ब्लेंडरमध्ये रेंडर सुरू होतो आणि घड्याळाशेजारी कंपनीचे छोटे चिन्ह येऊन बसते. त्या चिन्हावर क्लिक केल्यावर उघडणारी खिडकी म्हणजेच ड्रायव्हर, अशी समजूत तिथून तयार होते. प्रत्यक्षात त्याच इन्स्टॉलरने संगणकावर आणखी काही छोटे प्रोग्राम ठेवलेले असतात. त्यांना खिडकी नसते, चिन्ह नसते, स्टार्ट मेन्यूत नाव नसते. टर्मिनलमध्ये त्यांचे नाव टाइप करून एंटर दाबले तरच ते बोलतात. कार्डाचे तापमान किती, मेमरी किती भरली, ती कोणता प्रोग्राम खातो आहे, वीज किती ओढली जाते आहे, ड्रायव्हरची नेमकी आवृत्ती कोणती, हे सगळे ते क्षणात सांगतात. ही पुस्तिका त्या प्रोग्रामांविषयी आहे. त्यातही सर्वांत आधी येणाऱ्या अडचणीविषयी: ते आहेत कुठे?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यापायी पोरांच्या रात्री जातात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली एखादी मुलगी मशिन लर्निंगच्या प्रोजेक्टसाठी सेकंडहँड कार्ड घेते. पायथन सांगते, जीपीयू दिसत नाही. कुणीतरी सुचवते, एनव्हिडिया-एसएमआय चालवून बघ. ती टाइप करते आणि उत्तर येते, अशी कमांड नाही. मग ओळीने सल्ले सुरू होतात: ड्रायव्हर काढून पुन्हा टाक, दुसरी आवृत्ती टाक, नाहीच जमले तर फॉरमॅट मार. फॉरमॅट मारताना प्रोजेक्टच्या फाइलीही जातात. अनेकदा ती कमांड त्या क्षणी तिच्या संगणकावर हजर असते. शेल जिथे बघते तिथे ती नसते, एवढेच. हे दोन मिनिटांत कळू शकते आणि ते मराठीत सांगितलेले असावे, या तळमळीतून हे लेखन झाले आहे.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. ड्रायव्हरचे देखणे पॅनल दिसायला ड्रायव्हर चालू असावा लागतो. तो बिघडला की पडदा काळा होतो आणि नेमके तेव्हाच पॅनल हाताशी नसते. लिनक्सवर अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की बहुतेक ठिकाणी मजकुराचा साधा कन्सोल मिळतो, आणि त्या कन्सोलवर उपयोगी पडते ती कमांडच. ज्या यंत्रांना पडदाच नसतो त्यांच्याबाबत तर दुसरा मार्ग नाही. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२०च्या टॉप५०० यादीत ६३वा होता. त्यात एनव्हिडियाची ए१०० कार्डे आहेत. अशा यंत्रावर दुरून लॉगिन करणारा संशोधक कार्डाची हालहवाल विचारतो ती एनव्हिडिया-एसएमआयनेच, आणि ही कमांड घरच्या डेस्कटॉपवरच्या साध्या जीफोर्सबरोबरही येते. घरी ती शोधायला आणि वाचायला शिकलेला विद्यार्थी तिथे गेल्यावर बिचकत नाही.

पुढे जाण्याआधी एक सूचना. मजकुरात कमांड आणि फोल्डर यांची नावे आपण बोलताना उच्चारतो तशी देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची, आणि लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळायचा.

माझे म्हणणे असे आहे की या साधनांचे पत्ते पाठ करू नयेत. पाठ केलेला पत्ता पुढच्या आवृत्तीत चुकतो. ती ठेवणारे हात वेगवेगळे आहेत. काही कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ठेवलेली असतात, काही मायक्रोसॉफ्टच्या नियमांनी ठरलेल्या जागी बसतात, काही लिनक्सच्या वितरणांची पॅकेजे बांधणाऱ्यांनी आपापल्या पद्धतीने विभागलेली असतात. एखादी कमांड कुठे सापडली यावरून ती कुणी ठेवली हे कळते. कुणी ठेवली हे कळले की ती अद्ययावत कशी करायची, काढायची कशी आणि बिघडली तर कुणाकडे बघायचे, हेही कळते. म्हणून पत्ता संगणकालाच विचारायचा, आणि आलेले उत्तर नीट वाचायचे.

त्यासाठी शेल कमांड कशी शोधते ते आधी समजायला हवे. आपण नाव टाइप करतो तेव्हा संगणक सगळी डिस्क धुंडाळत नाही. पाथ नावाच्या एका यादीत काही फोल्डरांची नावे लिहिलेली असतात. शेल तेवढेच फोल्डर, त्याच क्रमाने बघते आणि पहिली सापडलेली फाइल चालवते. ही पद्धत १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून रूढ झाली आणि आजही तशीच आहे. म्हणजे ‘कमांड सापडली नाही’ या वाक्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, ती फाइल संगणकावरच नाही. दोन, फाइल आहे, पण तिचा फोल्डर यादीत नाही. पहिल्यावर उपाय पॅकेज बसवणे हा आहे, दुसऱ्यावर पूर्ण पत्ता टाइप करणे किंवा यादीत एक नाव वाढवणे. हे दोन अर्थ वेगळे न केल्यामुळे जेवढे ड्रायव्हर विनाकारण काढून पुन्हा टाकले जातात, तेवढे दुसऱ्या कशामुळे जात नसावेत.

तिसरी शक्यताही असते: एकाच नावाच्या दोन फाइली, आणि यादीत आधी येणारा फोल्डर जुन्या फाइलीचा. म्हणून लिनक्सवर ‘विच’ने पहिले उत्तर मिळाले तरी ‘टाइप’ला ए हा पर्याय लावून सगळी उत्तरे मागावीत. विंडोजवर ‘व्हेअर’ हेच काम करते आणि सापडलेल्या सगळ्या जागा दाखवते. मात्र पॉवरशेलमध्ये नुसते व्हेअर टाइप केले तर काहीच उमटत नाही. तिथे ते नाव गाळणी लावणाऱ्या वेगळ्याच कमांडचे टोपणनाव आहे. पॉवरशेलमध्ये व्हेअर.ईएक्सई असे पूर्ण नाव द्यावे, नाहीतर गेट-कमांड वापरावी. ‘व्हेअरनेही काही दाखवले नाही, म्हणजे ती नाहीच’ असा निष्कर्ष कितीतरी जण इथे काढतात.

विंडोजवरच्या एनव्हिडिया-एसएमआयची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण इंटरनेटवरचे निम्मे सल्ले तिच्या जुन्या पत्त्यावर अडकलेले आहेत. पूर्वी ती प्रोग्राम फाइल्समधल्या एनव्हिडिया कॉर्पोरेशन या फोल्डरात, एनव्हीएसएमआय नावाच्या उपफोल्डरात असे. तो उपफोल्डर पाथच्या यादीत नसे, म्हणून दरवेळी तिथवर जावे लागे किंवा यादीत भर घालावी लागे. पुढे विंडोज १०च्या काळात मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हरच्या रचनेचे नियम बदलले. डीसीएच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या पद्धतीत ड्रायव्हरच्या फाइली ड्रायव्हर स्टोअर या जागेतून चालाव्यात अशी अपेक्षा असते, आणि कंपनीचे पॅनल वेगळे ॲप म्हणून येते. या बदलानंतर एनव्हिडिया-एसएमआय विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात येऊन बसली. सिस्टिम३२ यादीत मुळातच असतो, म्हणून आता कुठूनही नाव टाइप केले तरी ती चालते. जुना उपफोल्डर मात्र नव्या संगणकांवर नसतोच. तो शोधत बसलेला माणूस ड्रायव्हर अर्धवट बसला असे समजतो. पायथनच्या एका लायब्ररीच्याही जुन्या आवृत्त्या आवश्यक डीएलएल फाइल त्याच उपफोल्डरात शोधत आणि ती नाही म्हणून थांबत. तिथे ड्रायव्हरचा दोष काहीच नव्हता.

ड्रायव्हर स्टोअर ही जागा विंडोज व्हिस्टापासून आहे आणि ती एकदा पाहून ठेवावी. सिस्टिम३२च्या आत ड्रायव्हरस्टोअर, त्याच्या आत फाइलरिपॉझिटरी, आणि तिथे लांबलचक नावांचे शेकडो फोल्डर. एनव्हिडियाच्या फोल्डरांची नावे एनव्ही या अक्षरांनी सुरू होतात आणि शेवटी अंकाक्षरांची एक माळ असते. व्हेअर कमांडला स्लॅश आर हा पर्याय देऊन इथे शोध घेतला की कधी कधी एनव्हिडिया-एसएमआयच्या दोन-तीन प्रती सापडतात. त्यांतल्या काही मागच्या ड्रायव्हरच्या असतात. विंडोज जुनी पॅकेजे परत फिरण्याच्या सोयीसाठी ठेवून देते. त्यातली कोणती चालू आहे ते अंदाजाने ठरवू नये. पीएनपी-युटिल ही विंडोजचीच कमांड बसवलेल्या पॅकेजांची यादी देते. त्यांपैकी कार्ड सध्या कोणते वापरते ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये, त्या कार्डाच्या ड्रायव्हर डिटेल्स या खिडकीत दिसते. जुने पॅकेज काढायचे तर पीएनपी-युटिलनेच काढावे. फाइलरिपॉझिटरीत शिरून हाताने फोल्डर पुसणे म्हणजे पुढच्या अपडेटच्या वेळी नवा घोळ ओढवून घेणे आहे.

इथेच आणखी एक खाच आहे आणि ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांना नडते. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्राम सिस्टिम३२ उघडायला गेला तर विंडोज त्याला गुपचूप सिसवाऊ६४ या फोल्डराकडे वळवते. नावे उलटी वाटतात, पण सिस्टिम३२मध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि सिसवाऊ६४मध्ये ३२ बिटच्या. एनव्हिडिया-एसएमआय पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. त्यामुळे फाइल एक्सप्लोररमध्ये डोळ्यांसमोर दिसणारी फाइल ३२ बिटच्या प्रोग्रामला सापडत नाही. अशा प्रोग्रामासाठी सिसनेटिव्ह हे खास नाव ठेवलेले आहे. त्या नावाने गेले की वळवणे टळते.

आवृत्तीचे आकडेही विंडोजवर दोन तऱ्हांनी दिसतात. डिव्हाइस मॅनेजर ३१.०.१५.३६२३ असे दाखवतो, एनव्हिडिया-एसएमआय ५३६.२३ म्हणते. दोन्ही एकच. शेवटचे पाच अंक घ्यायचे आणि तिसऱ्या अंकानंतर टिंब द्यायचे. मेमरीच्या आकड्याबाबत मात्र सावध राहावे. विंडोजच्या डब्ल्यूएमआय यंत्रणेत व्हिडिओ कार्डाच्या मेमरीसाठी ३२ बिटचा रकाना आहे. त्यात ४ जीबीच्या पुढचे मावतच नाही. ८ जीबीचे सेकंडहँड कार्ड घेऊन घरी आलेल्याला कुठल्याशा स्क्रिप्टने ४ जीबी दाखवले की विकणाऱ्याने फसवले असे वाटते. आरोप करण्याआधी एनव्हिडिया-एसएमआयमधला आकडा बघावा.

विंडोजवर एक धोका कळकळीने सांगायला हवा. कमांड सापडली नाही म्हणून ती फाइल किंवा तिची डीएलएल एखाद्या अनोळखी संकेतस्थळावरून सुटी उतरवून सिस्टिम३२मध्ये टाकू नये. ही साधने ड्रायव्हरबरोबरच येतात आणि त्याच आवृत्तीशी जुळलेली असतात; सुटी आणलेली प्रत चालली तर ते नशीब, आणि तिच्यासोबत काय आले ते कळत नाही. आपल्याकडची प्रत खरी आहे का अशी शंका असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हे पान बघावे. तिथे सहीच दिसली नाही, तर पॉवरशेलच्या गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर या कमांडनेही विचारून बघावे, कारण विंडोजच्या काही फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते.

लिनक्सकडे वळण्याआधी ड्रायव्हरची रचना थोडी उलगडायला हवी. ग्राफिक्स ड्रायव्हर ही एक वस्तू नसते. त्याचा एक भाग कर्नलच्या आत मॉड्यूल म्हणून चालतो आणि कार्डाशी थेट बोलतो. दुसरा भाग कर्नलबाहेर लायब्ररींच्या रूपात असतो. आपले प्रोग्राम त्या लायब्ररींशी बोलतात. एनव्हिडिया-एसएमआय स्वतः कार्डापर्यंत जात नाही. ती एनव्हीएमएल या लायब्ररीला विचारते, लायब्ररी कर्नलमधल्या मॉड्यूलला विचारते, मॉड्यूल कार्डाला विचारते. ही साखळी ध्यानात असली की कमांडच्या तक्रारी वाचता येतात. ‘कमांड सापडली नाही’ म्हणजे साखळीचे पहिलेच टोक नाही. ‘ड्रायव्हरशी संपर्क होत नाही’ म्हणजे कमांड आहे, लायब्ररी आहे, पण मॉड्यूल चढलेले नाही. ‘ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत’ म्हणजे सगळे हजर आहे, पण एक भाग नवा आणि एक जुना.

ही शेवटची तक्रार उबुंटू वापरणाऱ्यांना हमखास भेटते. रात्री अपडेट आपोआप बसले, डिस्कवरच्या लायब्ररी बदलल्या, पण कर्नलमध्ये सकाळपासून चढलेले मॉड्यूल जुनेच राहिले. प्रॉक फोल्डरातल्या ड्रायव्हर, एनव्हिडिया या मार्गावर व्हर्जन नावाची फाइल असते; ती चढलेल्या मॉड्यूलची आवृत्ती सांगते. मॉडइन्फो ही कमांड डिस्कवरच्या मॉड्यूलची आवृत्ती सांगते. दोन आकडे वेगळे दिसले की संगणक रीस्टार्ट करणे पुरते. काहीही काढायचे नाही, काहीही नव्याने टाकायचे नाही.

संपर्क होत नसल्याची तक्रार थोडी खोल जाते. नवा कर्नल आला आणि त्याच्यासाठी मॉड्यूल पुन्हा बांधले गेले नाही, हे एक कारण. मॉड्यूल पुन्हा बांधण्याचे काम बघणाऱ्या डीकेएमएसला स्टेटस विचारले की ते दिसते, आणि कर्नलची हेडर्स नसणे हे त्यामागे बरेचदा निघते. दुसरे कारण सिक्युअर बूट. सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. इन्स्टॉलरने मागितलेला पासवर्ड आणि पुढच्या बूटला येणारा निळा पडदा घाईत वगळला की असे होते. मोकयुटिल ही कमांड सिक्युअर बूट चालू आहे का ते सांगते. तिसरे कारण नूव्हो. हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर २०१० साली कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत आला. तो आधी कार्डाला चिकटला असेल तर कंपनीच्या मॉड्यूलला जागा मिळत नाही. कोण चिकटले आहे हे एलएसपीसीआयला के हा पर्याय लावून कळते: प्रत्येक कार्डाखाली वापरात असलेल्या कर्नल ड्रायव्हरचे नाव येते. एन हा पर्याय दोनदा जोडला तर उत्पादकाचा क्रमांकही दिसतो. १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. कोणतीही कमांड शोधण्याआधी ही एक चालवावी, असा माझा आग्रह आहे. संगणकात कार्ड एएमडीचे आणि शोध एनव्हिडियाच्या कमांडचा, हा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. दोन कार्डांचे लॅपटॉप सर्रास झाल्यापासून तर नाहीच.

आता लिनक्सवरचे पत्ते. एनव्हिडिया-एसएमआय यूएसआर फोल्डरातल्या बिनमध्ये बसते. इथे गोंधळ जागेचा नसून पॅकेजच्या नावाचा आहे. डेबियनमध्ये ती तिच्याच नावाच्या वेगळ्या पॅकेजात आहे आणि त्यासाठी नॉन-फ्री विभाग चालू करावा लागतो. एनव्हिडियाने मे २०२२मध्ये कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला, पण ही कमांड आणि तिच्या लायब्ररी अजून बंदच आहेत. उबुंटूमध्ये ती एनव्हिडिया-युटिल्स आणि पुढे आवृत्तीचा आकडा अशा नावाच्या पॅकेजात असते. आर्चमध्ये एनव्हिडिया-युटिल्स एवढेच नाव. फेडोरावर आरपीएम फ्यूजनचे भांडार वापरले तर ती ड्रायव्हरच्या मुख्य पॅकेजात नसते, कूडा असे नाव असलेल्या जोडपॅकेजात असते. त्यामुळे फेडोरावर पडदा उत्तम चालतो, गेम चालतात आणि तरीही कमांड नाही, अशी स्थिती येते. तिथे ती खरोखरच बसवलेली नसते.

उबुंटूचा सापळा वेगळा आहे. तिथे कमांड नसली की शेल मदत म्हणून पॅकेजांची यादीच समोर ठेवते: अमुक टाका, तमुक टाका. आकड्यांची ती ओळ पाहून लोक पहिले नाव उचलतात. कार्डाला ५००च्या पुढचा ड्रायव्हर बसलेला असतो आणि हे महाशय ३९०ची साधने मागवतात. मग पॅकेज एकमेकांशी भांडतात किंवा आवृत्त्या जुळत नसल्याची ती तक्रार उभी राहते. त्या यादीतून उचलण्याआधी ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ विचारावे आणि बसलेल्या ड्रायव्हरचाच आकडा घ्यावा.

कमांड सापडली, पण तिचा मालक कोण हे कळत नसेल तर डीपीकेजीला मोठा एस हा पर्याय देऊन पूर्ण पत्ता सांगावा, आरपीएमवाल्यांसाठी क्यूएफ. उत्तरात पॅकेजचे नाव आले तर सगळे व्यवस्थित आहे. कुठल्याच पॅकेजची नाही असे उत्तर आले तर ती बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या रन फाइलने बसवलेली असते. मग पॅकेज मॅनेजरला तिचा पत्ताच नसतो, आणि त्याच्याकरवी नवा ड्रायव्हर टाकला तर दोघांच्या फाइली एकमेकींवर पडतात. आधी रन फाइलचाच अनइन्स्टॉल पर्याय चालवून जागा मोकळी करावी लागते.

डेबियनवर पाथच्या यादीचाही एक प्रश्न आहे. डीकेएमएससारखी व्यवस्थापनाची साधने एसबिन फोल्डरात असतात आणि साध्या वापरकर्त्याच्या यादीत एसबिन नसतो. २०१९च्या डेबियन १०पासून नुसते एसयू करून रूट झाले तरी यादी जुनीच राहते. एसयूपुढे एक डॅश दिला तरच रूटची यादी मिळते. जुन्या पुस्तकांवरून शिकलेले लोक इथे हमखास थबकतात.

एएमडी आणि इंटेल यांची तऱ्हा निराळी आहे. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. एएमडीजीपीयू हे मॉड्यूल २०१५ साली कर्नल ४.२मध्ये आले. वेगळा इन्स्टॉलर नाही, म्हणून त्याच्यासोबत येणारी कमांडही नाही. मात्र कर्नल बरीच माहिती फाइलींच्या रूपात उघडी ठेवतो. सिस फोल्डरात क्लास, डीआरएम या मार्गाने कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरात गेले की एएमडीच्या कार्डासाठी जीपीयू-बिझी-पर्सेंट ही फाइल असते. ती कॅटने वाचली की कार्ड किती टक्के व्यस्त आहे तो आकडा मिळतो. तापमान एचडब्ल्यूमॉन उपफोल्डरात अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेले असते. काहीही न बसवता हे सगळे वाचता येते, आणि मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते. एएमडीचे रॉकएम बसवले असेल तर रॉकएम-एसएमआय ऑप्ट फोल्डरात रॉकएम, बिन अशा जागी मिळते, आणि ती जागा यादीत नसणे हीच तिथली नेहमीची अडचण. इंटेलसाठी इंटेल-जीपीयू-टूल्स हे पॅकेज आणि त्यातली इंटेल-जीपीयू-टॉप ही कमांड. तिला बहुतेक ठिकाणी सुडो लागतो.

तिन्ही कंपन्यांना सामायिक अशी आणखी साधने मेसा आणि व्हल्कन यांच्या परिवारातून येतात. जीएलएक्सइन्फो मेसा-युटिल्समध्ये, व्हल्कनइन्फो व्हल्कन-टूल्समध्ये. जीएलएक्सइन्फोला मोठा बी हा पर्याय दिला की थोडक्यात उत्तर येते, आणि त्यात रेंडररच्या नावात एलएलव्हीएमपाइप दिसले तर चित्र कार्ड काढत नसून प्रोसेसर काढतो आहे. संगणक सुस्त का झाला याचे उत्तर बऱ्याचदा त्या एका शब्दात असते. मॅकवर ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग आहे. सिस्टिम-प्रोफायलर एवढी एक कमांड तिथे पुरते.

मशिन लर्निंगसाठी हे वाचणाऱ्यांकरिता कूडाच्या आकड्याचा खुलासा करणे भाग आहे. एनव्हिडिया-एसएमआयच्या वरच्या ओळीत कूडा व्हर्जन म्हणून एक आकडा येतो. तो संगणकावर बसलेल्या कूडा टूलकिटचा आकडा नाही. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कोणत्या कूडापर्यंत साथ देईल, एवढेच तो सांगतो. टूलकिट बसलेले आहे का हे एनव्हीसीसी या कंपायलरवरून कळते. एनव्हिडियाकडून थेट घेतले तर तो यूएसआर, लोकल, कूडा, बिन या मार्गावर असतो आणि यादीत आपोआप येत नाही. उबुंटूच्या भांडारातून घेतले तर सरळ यूएसआर, बिनमध्ये. शिवाय पिप किंवा कोंडाने बसवलेले पायटॉर्च स्वतःपुरत्या कूडा लायब्ररी बरोबर घेऊन येते. नुसते मॉडेल चालवणाऱ्याला टूलकिट लागतच नाही. एनव्हीसीसी सापडत नाही म्हणून कित्येक जीबींचे टूलकिट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवणाऱ्या मुलांना हे आधी सांगायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

विंडोजच्या आत डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्स चालवणाऱ्यांनी तिथे लिनक्सचा ड्रायव्हर मुळीच बसवू नये. विंडोजचाच ड्रायव्हर आपल्या लायब्ररी आणि एनव्हिडिया-एसएमआय आत पोचवतो. त्या यूएसआर, लिब, डब्ल्यूएसएल, लिब अशा अनपेक्षित जागी दिसतात. आत वेगळा ड्रायव्हर टाकला की चाललेले काम थांबते. डॉकरच्या कंटेनरमध्येही साधारण असेच: कमांड यजमान संगणकावरून आत आणली जाते, त्यासाठी एनव्हिडियाचे कंटेनर टूलकिट यजमानावर बसवलेले असावे लागते.

पुस्तिकेतली प्रकरणे याच क्रमाने येतील, पण ती त्याच क्रमाने वाचायची गरज नाही. आपले कार्ड आणि आपली ऑपरेटिंग सिस्टिम शोधून तिथून सुरुवात करावी. सापडलेल्या कमांडने काही बदलण्याआधी तिच्याकडून नुसते वाचून घेण्याची सवय करावी. एनव्हिडिया-एसएमआयने विजेची मर्यादाही बदलता येते, म्हणून तशा पर्यायांना ती प्रशासकाचे अधिकार मागते. काही रकान्यांत ‘लागू नाही’ असे दिसले तर बिघाड समजू नये. विंडोजवर प्रत्येक प्रोग्रामची मेमरी बरेचदा अशीच झाकलेली असते.

आणि कुणाची मदत मागायची वेळ आली तर ‘ड्रायव्हर चालत नाही’ एवढेच लिहू नये. एलएसपीसीआयची त्या कार्डाची ओळ, चढलेल्या मॉड्यूलची आवृत्ती, कमांडचा पूर्ण पत्ता, तो पत्ता कोणत्या पॅकेजचा ते आणि तक्रारीचे वाक्य जसेच्या तसे, एवढे दिले की दूरवरच्या माणसालाही सांगता येते. लिनक्सवर एनव्हिडिया-बग-रिपोर्ट ही स्क्रिप्ट यातले बरेचसे आपोआप गोळा करते. ती रूट म्हणून चालवायची आणि आपण ज्या फोल्डरात असू तिथेच तिची दाबलेली लॉग फाइल तयार होते. त्या फाइलीत संगणकाचे नाव आणि सिस्टिमच्या नोंदीही येतात. झेडलेसने ती एकदा चाळून बघावी आणि मग पाठवावी.